वेब्लीचं सिलिंडर मागून घासलेलं का असतं

अमेरिकेत जुनी वेब्ली, म्हणजे त्या नावाच्या ब्रिटिश कंपनीची रिव्हॉल्व्हर, विकायला निघाली की जाणकार माणूस आधी एकच विचारतो, सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) घासलंय का? आणि बऱ्याचदा घासलेलंच असतं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडे जी होती ती वेब्ली मार्क ६, १९१५ची. .४५५चं काडतूस (आकडा म्हणजे गोळीची जाडी, इंचात), गोळी जाडजूड पण वेग कमी. पुढे ब्रिटिश लष्कराला वाटलं की एवढं धूड नव्या पोरांना शिकवायला वेळ लागतो, म्हणून १९३२ला हलकी .३८ची एनफिल्ड घेतली. जुन्या वेब्ली दुसऱ्या महायुद्धातही वापरल्या म्हणा, पण नंतर त्या सरप्लसमध्ये, म्हणजे लष्कराला नको असलेल्या मालात, निघाल्या आणि ढिगाने अमेरिकेत गेल्या, स्वस्तात. आता बंदूक स्वस्त, पण .४५५ची काडतुसं तिथल्या दुकानात मिळायची मारामार, आणि .४५ एसीपी हे काडतूस मात्र कुठेही मिळतं, कारण १९११पासून त्यांच्या लष्कराचं पिस्तूलच त्याचं. गोळीची जाडी जवळपास सारखीच.

गोची एवढीच की .४५५च्या बुडाला बाहेर आलेली कड असते, त्या कडेवर काडतूस सिलिंडरला टेकतं आणि रिकामं केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) बाहेर ढकलतानाही तीच कड कामाला येते. एसीपी पिस्तुलाच्या मॅगझिनसाठी बनलेलं, त्याला अशी कडच नाही.

यावरचा तोडगा आधीच निघालेला होता. १९१७ला अमेरिका युद्धात उतरली तेव्हा पिस्तुलं पुरेनात, म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्याकडून त्याच काडतुसाच्या रिव्हॉल्व्हर बनवून घेतल्या, दोन्ही मिळून तीन लाखांच्या आसपास. त्यासाठी स्मिथ अँड वेसनने अर्धचंद्राच्या आकाराची पत्र्याची क्लिप काढली, तिच्यात तीन काडतुसं अडकवायची, कडेचं काम ती क्लिपच करते, दोन क्लिपमध्ये सिलिंडर भरलं. मला तर सगळ्या गोष्टीत हा पत्र्याचा तुकडाच भारी वाटतो. १९२०च्या सुमाराला ऑटो रिम नावाचं जाड कडेचं काडतूसही आलं, म्हणजे क्लिपचीही गरज नको.

मग वेब्ली आणणाऱ्यांनी काय केलं, तर सिलिंडर मागून घासून क्लिपपुरती जागा केली, की झाली बंदूक विकायला तयार. दाबाचा विचार फारसा कोणी केला नाही. गोळी सुटताना आत जो दाब तयार होतो त्याची एसीपीची कमाल मर्यादा २१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), आणि .४५५चा दाब त्याच्यापेक्षा बराच कमी, वेब्ली त्या कमी दाबाच्या हिशोबानेच बनलेली, त्यात मधोमध मोडून उघडणारी. फॅक्टरीची एसीपी मारली की प्रत्येक वेळी तिच्यावर नको तेवढा ताण.

म्हणून आता घासलेल्या वेब्लीचे शहाणे मालक ऑटो रिमच्या केसमध्ये स्वतः बेतानं दारू भरतात. न घासलेल्या वेब्लीला मात्र जास्त पैसे मोजावे लागतात, तेव्हा खपावी म्हणून जे काम केलं तेच आता भाव पाडतं.