न खणता दिसलेलं शहर

तुर्कस्तानात कॅपाडोशिया भागात डेरिनकुयू म्हणून गाव आहे, तिथे १९६३ मध्ये एकाने घर दुरुस्त करताना भिंत फोडली तर मागे खोली निघाली, पुढे बोगदा, आणि बोगदा उतरत उतरत थेट जमिनीखालच्या शहरात. हे शहर साधारण ८५ मीटर खोल, आणि अंदाजे २० हजार माणसं गुराढोरांसकट मावतील एवढं मोठं!

हे जमलं ते तिथल्या दगडामुळे. ज्वालामुखीची राख साचून झालेला हा टफ साध्या हत्यारांनीही कोरता येतो आणि हवा लागली की वरून कडक होतो. मला सगळ्यात भारी वाटतात तिथले दरवाजे. जात्याच्या तळीसारखा पण भलामोठा गोल दगड, भिंतीतल्या खाचेत उभा ठेवलेला, शत्रू आला की आतल्यांनी तो गडगडत वाटेवर आणायचा, बाहेरून उघडायची सोयच नाही, आणि मधोमध एक भोक, पलीकडे कोण आलंय ते बघायला. काही विहिरींची तोंडं तर वर जमिनीवर उघडतच नाहीत, म्हणजे पाण्यात विष कालवायची भीती नाही. काय डोकं लावलंय!

पण ही मुद्दाम कोरलेली जागा. इटलीतलं पॉम्पेई हे जुनं रोमन शहर तसं नाही, ते इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं आणि त्या राखेनेच भिंतींवरची चित्रं टिकवली, खणून वर काढल्यावर मात्र ऊन-पावसाने ती खराब व्हायला लागली. म्हणून तिथला जवळपास एक तृतीयांश भाग अजून खणलेला नाही, आणि माझ्या मते ते अगदी बरोबर आहे.

शिवाय आता न खणताही बरंच दिसतं. रोमच्या उत्तरेला फालेरी नोव्ही हे जुनं रोमन शहर शेताखाली आहे. तिथे केंब्रिज आणि गेंट विद्यापीठांच्या लोकांनी चारचाकी बाईकच्या मागे रडार जोडून सगळं मैदान पिंजून काढलं, दर साडेबारा सेंटीमीटरला एक रीडिंग. रेडिओ लहरी जमिनीत सोडायच्या, माती संपून दगड लागला की त्यातल्या काही परत फिरतात, किती वेळात फिरल्या त्यावरून खोली कळते. २०२० मध्ये नकाशा आला तेव्हा त्यात बाजार, देऊळ, स्नानगृह आणि पाण्याचे पाईपसुद्धा दिसले, एक वीट न हलवता!

सगळीकडे हे चालत नाही, ओल्या चिकणमातीत लहरी लगेच विरतात, तिथे अजूनही खणावंच लागतं.