कॅनची कडी आणि जुने मेटल डिटेक्टर

जुना मेटल डिटेक्टर हाती आला की पहिला वाद ठरलेला: डिस्क्रिमिनेशनचा, म्हणजे नको असलेले धातू गाळायचा, नॉब किती फिरवायचा, की शून्यावरच ठेवायचा? 1970च्या दशकात सुरू झालेला हा वाद अजून मिटलेला नाही. दरम्यान तो पेटवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांपैकी दोन मोठ्या कंपन्यांनी 2018 आणि 2020 मध्ये गाशा गुंडाळला. त्यांतली एक आजीवन हमी द्यायची. आयुष्य कोणाचं, हे विकत घेताना कोणी विचारलं नव्हतं. आता ही यंत्रं ज्याची त्यानेच समजून घ्यायची आणि ज्याची त्यानेच निगा राखायची.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. 1881 मध्ये एका अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधायला असं यंत्र वापरून पाहिलं गेलं. प्रयत्न फसला, आणि त्याचा दोष खाटेतल्या धातूच्या स्प्रिंगांनाही दिला जातो. 1930च्या दशकात हातात धरून चालवायच्या यंत्राचं पेटंट निघालं, दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमधल्या एल अलामीनच्या वाळवंटात सुरुंग शोधायला अशीच यंत्रं गेली. छंद म्हणून मात्र हा प्रकार पसरला तो ट्रान्झिस्टर आल्यावर, वजन आणि बॅटरीचा खर्च उतरल्यावर.

त्या काळातली बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर) यंत्रं आज बाळगायला मजेशीर, कामाला कष्टाची. आत दोन ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक कंपनं तयार करणारी मंडलं, त्यातलं एक जमिनीवरून फिरवायच्या तारेच्या वेटोळ्याला, म्हणजे कॉइलला, जोडलेलं. दोघांच्या कंपनसंख्येतला फरक सूर म्हणून ऐकू येतो. कॉइलखाली धातू आला की सूर बदलतो. पण तो मातीतल्या लोहखनिजानेही बदलतो आणि ऊन चढल्यावर आपोआपही सरकतो. पुढची टीआर (एका कॉइलने सिग्नल सोडून दुसऱ्याने पकडणारी) यंत्रं 100 किलोहर्ट्झच्या आसपास चालायची. ती जास्त संवेदनशील, पण ओल्या गवतावर कॉइलची उंची जराशी हलली की खोटा इशारा. म्हणून 1970च्या दशकात कंपन्या व्हीएलएफकडे (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी), म्हणजे 3 ते 30 किलोहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळल्या. तिथे ओलाव्याचा त्रास कमी, लोहखनिजाचा मात्र ठळक. त्यावर उतारा म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल वगळणारी जुळवणी, आली.

हा बॅलन्स हाताने कसा करायचा हे जुन्या यंत्रावर एकदा जमलं की बाकीचं पुष्कळ सोपं होतं. कॉइल गुडघ्याइतकी वर धरायची, रीट्यूनचं बटण दाबून हलकी गुणगुण कायम करायची, मग कॉइल सावकाश जमिनीजवळ न्यायची. गुणगुण वाढली तर नॉब एका बाजूला, दबली तर दुसऱ्या बाजूला. पुन्हा वर, पुन्हा बटण, पुन्हा खाली. हा नॉब बहुधा दहा फेऱ्यांचा असतो, त्यामुळे नवखा माणूस तो दोन-तीन फेऱ्या फिरवतो आणि ‘काहीच होत नाही’ म्हणून सोडून देतो. वर-खाली करताना गुणगुण जागची हलली नाही की जमीन यंत्रापुरती अदृश्य झाली.

यंत्र जास्त खोलवरचं शोधू लागलं, पण प्रत्येक खिळाही वाजू लागला. आणि खिळ्यांपेक्षा मोठा वैताग होता कॅनच्या ओढून काढायच्या कडीचा. 1960च्या दशकात ॲल्युमिनियमच्या या कड्या बागा, मैदानं, किनारे सगळीकडे पडल्या. 1975च्या सुमारास कॅनलाच चिकटून राहणारी कडी आली, तोवर जमिनीत खच पडून गेला होता. त्याच जमिनीत 1964 पर्यंतची 90 टक्के चांदीची अमेरिकी नाणी होती, आणि जानेवारी 1980 मध्ये चांदीचा भाव औंसाला 50 डॉलरच्या घरात गेला. कचरा गाळणारं यंत्र प्रत्येकाला हवं झालं.

डिस्क्रिमिनेशनचं तत्त्व सरळ आहे. कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवरी प्रवाह फिरतात आणि परत येणारा सिग्नल थोडा मागे पडतो. किती मागे, हे धातूच्या वाहकतेवर, आकारावर आणि जाडीवर ठरतं. म्हणजे यंत्र ‘हे सोनं’ असं ओळखतच नाही. एका क्रमावर वस्तूची जागा सांगतं. चांदीचं जाड नाणं त्या क्रमावर वर, पातळ वर्ख खाली. मधल्या पट्ट्यात अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, कॅनची कडी आणि कितीतरी सोन्याच्या अंगठ्या एकमेकींना खेटून बसलेल्या. नॉब कडी गप्प होईपर्यंत फिरवला की अंगठ्याही गप्प होतात.

कंपन्यांनी हा तोटा माहीत असूनही कडी गप्प करणंच विकायला काढलं. त्यांच्या बाजूने बोलायचं तर गिऱ्हाइकाला नाणी हवी होती आणि तासभरात वीस कड्या उकरलेला माणूस यंत्र परत माळ्यावर टाकतो. तरीही माझ्या मते त्या निर्णयाने एका पिढीला ऐकण्याऐवजी नॉबवर भरवसा ठेवायला शिकवलं.

सुरुवातीच्या व्हीएलएफ यंत्रांवर तर खटका असायचा: एका बाजूला ग्राउंड बॅलन्स पण सगळे धातू, दुसऱ्या बाजूला डिस्क्रिमिनेशन पण जमिनीचा त्रास परत. दोन्ही एकत्र मिळाले ते ‘मोशन’ यंत्रांत. त्यातली पहिली तर कॉइल झपाझप फिरवली तरच बोलायची, थांबली की मुकी. 1980च्या दशकात फिल्टर सुधारले आणि सावकाश फिरवणं चाललं. त्याचबरोबर सायलेंट सर्चही रुळला, म्हणजे गुणगुणच नाही, फक्त ‘चांगल्या’ वस्तूला बीप. सोय खरी. पण गुणगुणणाऱ्या यंत्रात नाकारलेल्या खिळ्यावर आवाज क्षणभर तुटतो आणि इथे लोखंड आहे हे कळतं. गप्प यंत्रात खिळ्याशेजारचं नाणं झाकलं गेलं तर त्याचा मागमूसही लागत नाही.

याच काळात ब्रिटनमध्ये वेगळा संघर्ष पेटला. तिथे 1980 पर्यंत डिटेक्टरला रेडिओ कायद्याखाली परवाना लागत असे. तो गेला आणि त्याच वर्षी पुरातत्त्व क्षेत्रातल्या मंडळींनी छंदाविरुद्ध मोहीम उघडली. 1996चा खजिना कायदा आणि 1997 पासूनची सापडलेल्या वस्तूंची ऐच्छिक नोंद यांनी वातावरण बरंच निवळलं. परवानगीशिवाय खोदू नये हा संकेत मात्र सगळीकडे कायम आहे, मग यंत्र कितीही जुनं असो.

1991च्या सुमारास एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रं आली, आणि पडद्यावर आकडे दाखवणारीही रुळली. आकड्यांवर वाढलेल्या माणसाला जुनं ॲनालॉग यंत्र आधी आंधळं वाटतं. त्याने डिस्क्रिमिनेशन शून्यावर ठेवून ओळखीच्या वस्तू जमिनीवर मांडाव्यात: खिळा, वर्ख, कडी, नाणं, अंगठी. नॉब हळूहळू चढवत कोणती वस्तू कुठे तुटक वाजते आणि कुठे गप्प होते ते ऐकावं. बाटलीचं लोखंडी झाकण बऱ्याचदा नाण्यासारखं वाजून फसवतं. कॉइल आडवी-उभी अशी दोन दिशांनी फिरवली की आवाजाच्या फाटक्या कडा कानाला कळू लागतात.

हे सगळं करण्याआधी बॅटरीचं खण उघडून पांढरी पूड पाहावी आणि खरखरणारे नॉब साफ करावेत. एकाच कानात आवाज आला तर यंत्राला दोष देऊ नये. जुन्या यंत्रांचा जॅक बहुतेकदा मोनो असतो आणि आपण लावलेला हेडफोन स्टिरिओ.