संग्राहकाच्या दारी आलेला अभ्यासक

जळगावातल्या एखाद्या सराफाला किंवा रावेरकडच्या केळी बागायतदाराला कलेच्या अभ्यासकाचं पत्र येतं: मी अमुक, अमुक ठिकाणी शिकलो, आपल्याकडची जुनी चित्रं बघायची इच्छा आहे. घरात पहिला प्रश्न उठतो, "याले काय पाहिजे?" हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. त्यामागे मोठा इतिहास आहे.

चित्र कोणाच्या हातचं, हे चित्रातूनच ओळखायची रीत एकोणिसाव्या शतकात इटलीच्या जोव्हानी मोरेल्ली यांनी बसवली. शिक्षणाने ते डॉक्टर. चेहरा, भाव, मांडणी यांची नक्कल शिष्यही करतो. पण कानाची पाळी आणि बोटांची नखं प्रत्येक चित्रकार नकळत आपल्याच वळणाने काढून जातो, असं त्यांचं म्हणणं. ज्याने ही नजर कमावली, त्याच्या शब्दावर चित्राची किंमत चढू-उतरू लागली.

या वाटेवरचं सर्वांत गाजलेलं नाव बर्नार्ड बेरेन्सन. जन्म 1865, लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबात, शिक्षण हार्वर्डला. 1887 मध्ये तो युरोपला निघाला तेव्हा त्याच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर होत्या. पुढे दोघांचा पत्रव्यवहार तुटला. 1891 मध्ये गार्डनरबाईंना वडिलांचा मोठा वारसा मिळाला. 1894 मध्ये बेरेन्सनने व्हेनिसच्या चित्रकारांवरचं आपलं पहिलं पुस्तक त्यांना धाडलं आणि ओळख नव्याने जोडली. आपली कामगिरी समोर ठेवायची आणि निवाडा समोरच्यावर सोडायचा, यापेक्षा चांगली ओळख कोणती? त्याच वर्षी त्याच्यामार्फत बाईंनी बॉटिचेल्लीचं 'लुक्रेशिया' घेतलं, 1896 मध्ये टिशियनचं 'युरोपा'. आज ही दोन्ही चित्रं त्यांनी उभारलेल्या बॉस्टनच्या संग्रहालयात आहेत.

त्याची नजर खरोखर तेज होती. 1895 मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनात टिशियनच्या नावावर 33 चित्रं मांडली होती. बेरेन्सनने छापून सांगितलं, यातलं खुद्द टिशियनचं एकच. श्रीमंत घराण्यांच्या भिंतींवरची चित्रं होती ती. तरुण माणसाने असं लिहायला छाती लागते.

पण पैशाची बाजू काळी आहे. गार्डनरबाईंकडून तो खरेदीवर पाच टक्के घेई आणि त्यांना न सांगता विकणाऱ्या व्यापाऱ्यांकडूनही वाटा घेई. 1912 मध्ये त्याने जोसेफ डुव्हीन या बड्या व्यापाऱ्याशी गुप्त करार केला: चित्र अस्सल ठरवायचं त्याने, आणि नफ्यात हिस्साही त्याचाच. सोनं कसाला लावणाराच विकणाऱ्याचा भागीदार निघाला, तर जळगावच्या सराफ बाजारात त्याच्या शब्दाला कोण विचारील?

आपल्याकडे याच्या अगदी उलट वळण धुळ्यात सापडतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतली जुनी दप्तरं मागत. कागद दाखवले तर वतन जाईल, मान जाईल, ही धास्ती घरोघरी. तरी लोकांनी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडले, कारण हा माणूस कागद विकायला नेत नाही, छापतो, हे दिसत होतं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला होता. 1926 मध्ये राजवाडे धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच उभं राहिलं.

म्हणून आजच्या अभ्यासकाने पहिल्याच पत्रात पदव्यांच्या आधी लिहावं, मला पैसे कोण देतं, आणि चित्र विकलं गेलं तर माझा त्यात वाटा आहे की नाही. आणखी एक गोष्ट मालकाला आधीच सांगावी. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरची चित्रं परदेशी विकायला बंदी आहे. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल अशा नऊ चित्रकारांची कामं तर वय न बघता 'कलानिधी' म्हणून देशाबाहेर जाऊ शकत नाहीत. घरात रविवर्म्याच्या छापखान्यातलं चित्र आहे की त्याच्या हातचं तैलचित्र, यावर सगळं अवलंबून. ते ठरवायला त्या अभ्यासकाला आत घ्यावंच लागतं.