रेलून चालवायची सायकल आणि तिची सव्वातीन मीटरची चेन

ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये जिन्याखाली सायकली गंजत पडलेल्या असतात. त्यातली मोठ्यांची 26 इंची गिअरवाली एक, मुलांची 20 इंची एक आणि वर तीन चेन, एवढ्या सामानात पाय पुढे पसरून चालवायची सायकल, म्हणजे रिकम्बंट, उभी राहते. फ्रेम लोखंडी आहे ना, ते लोहचुंबक लावून आधी बघा. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर जिन्याखालीच राहू द्या. गेट-ग्रिलवाल्याकडचं वेल्डिंग तिला चालत नाही.

ही बैठक नवी नाही. 1933 साली फ्रान्सिस फॉरने पॅरिसमध्ये अशाच सायकलवर तासाभरात 45.055 किलोमीटर कापले आणि 1914 पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने ही रचना शर्यतींतून बाद केली. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला आठपट शक्ती लागते. रेलून बसलं की हवेला अडणारं अंग कमी होतं. सगळी करामत एवढीच.

मुख्य दांडा 40×40 मिलिमीटरच्या, 2 मिलिमीटर जाड चौकोनी पाइपचा घ्यावा. मीटरला साधारण 2.4 किलो भरतो. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे तो तुकड्यातही मिळतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप मात्र नको, वेल्डिंगमध्ये जस्ताचा धूर होतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. मोठ्या सायकलचा मागचा त्रिकोण कापून या दांड्याला जोडायचा. जोडताना त्यात जुना हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, आवळून ठेवा, नाहीतर तापून दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि चाक बसत नाही.

पेडलचा बीबी, म्हणजे क्रँकची नळी, कापण्याआधी तिच्यावर खडूने ‘उजवी’ लिहा. नेहमीच्या बीबीमध्ये उजव्या कपाचे, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या वाटीचे, आटे उलटे असतात. नळी पुढे नेताना डावी-उजवी बदलली तर पेडल मारता मारता कप सुटत जातो, आणि तोपर्यंत रंगही लावून झालेला असतो. वेल्डिंग करताना जुने कप आतच राहू द्या, म्हणजे नळीचा गोल बिघडत नाही.

पुढचं चाक धरणारा चिमटा छोट्या सायकलचा. हेड ट्यूब, म्हणजे चिमट्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, जमिनीशी 70 अंशांत, चिमट्याचा बाक 35 मिलिमीटर आणि चाकाची त्रिज्या 250 धरली तर ट्रेल, म्हणजे हेड ट्यूबची रेघ जमिनीला मिळते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, 54 मिलिमीटरच्या आसपास येतो. हँडल हलकं पण स्थिर लागतं. चिमटा चुकून उलटा बसला तर हाच ट्रेल 128 होतो आणि सायकल जड, आडमुठी वळते.

आता चेन. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. बीबी आणि मागच्या चाकाचं केंद्र यांत 1.4 मीटर अंतर, पुढे 40 दाती चेनव्हील आणि मागे 18 दाती चक्र धरलं तर लांबी निघते सुमारे 3.17 मीटर, म्हणजे 250 कड्या. आयडलरचा, म्हणजे चेन वळवणाऱ्या पुलीचा, वळसा धरला की सव्वातीन. साधी 112 कड्यांची चेन 1.42 मीटर भरते, म्हणून तीन लागतात. तिन्ही एकाच जाडीच्या आणि सारख्याच झिजलेल्या हव्यात. 24 कड्या मोजा: नव्या चेनमध्ये 304.8 मिलिमीटर भरतात. 306.5 भरल्या तर ती चेन सरळ भंगारात टाका. झिजलेली आणि नवी जोडली की दात उड्या मारतात.

ओढणारी वरची चेन सीटखालून जाताना एका पुलीवरून वळते, तो आयडलर. पेडलवर 50 किलोचा जोर, 170 मिलिमीटरचा क्रँक आणि 81 मिलिमीटर त्रिज्येचं चेनव्हील धरलं की चेनमध्ये 105 किलोचा ताण येतो. पुलीवर चेन 20 अंश वळली तरी बोल्टवर 36 किलो येतात, 40 अंश वळली तर 72. सरकत्या खिडकीचं प्लास्टिकचं चाक म्हणूनच फार दिवस टिकत नाही. बेअरिंगची पुली, 8 मिलिमीटरचा बोल्ट आणि त्याला दोन्ही बाजूंनी आधार द्या. एकाच बाजूचा आधार वाकतो आणि चेन पुली सोडते. बसवण्याआधी चेनव्हील, पुली आणि मागचं चक्र यांवरून सुतळी ताणून सरळ रेषा तपासा. परतीची चेन सैल असते, तिला प्लास्टिकच्या नळीतून सोडलं तरी भागतं.

सीट 12 मिलिमीटर प्लायवूडची, पाठ 40 अंशांत. घरातले दोघं-तिघं चालवणार असतील तर पुढे-मागे सरकायची सोय सीटला द्या, बीबीला नको. बीबी सेंटीमीटरभर सरकला की चेन दोन सेंटीमीटर कमी-जास्त करावी लागते. पहिल्यांदा बसल्यावर हँडल पूर्ण वळवून टाच पुढच्या चाकाला लागते का, ते जागेवरच बघा.

सपाट पाम बीच मार्ग या सायकलला मानवतो. येऊरच्या चढावर पेडलवर उभं राहता येत नाही, तिथे हलका गिअरच हवा. खड्ड्यात ढुंगण उचलता येत नाही, सगळा दणका पाठीत जातो. घोडबंदर रोडवर ती नेऊच नये, कंटेनरवाल्याला खाली बसलेला माणूस दिसत नाही. इतरत्र पाच-सहा फुटी काठीवर झेंडा लावा.

खाडीचा वारा आणि पावसाळा चौकोनी पाइपला आतून खातात. दांड्याच्या सगळ्यात खालच्या जागी 5 मिलिमीटरचं भोक पाडा. पहिल्या पावसानंतर सायकल वाकडी करून बघा: तिथून तांबूस पाणी आलं तर भोक बरोबर जागी आहे, पण आत तेल सोडायला उशीर झालाय.