टेपाने ठरवलेली ‘छोटी गाडी’

कराडात किंवा सांगलीत जुन्या गाड्या लावलेल्या एखाद्या आवारात २०१० ची आणि २०१३ ची डिझायर शेजारी उभ्या दिसल्या, तर दोन्ही मागून बघा. जुनीची डिकी ऐसपैस, ४४० लिटरची. नवीची कापून टाकल्यासारखी, ३१६ लिटरची. कंपनी तीच, इंजिनं तीच. लांबी मात्र ४,१६० मिलिमीटरवरून ३,९९५ वर आली. हे १६५ मिलिमीटर कुठे गेले, याचं उत्तर २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला आणि तेव्हापासून आपल्या भागात गाडी घेणारा प्रत्येक जण छोटी घ्यावी की मोठी, या विचारात पडला आहे. म्हणून ही ‘छोटी’ नेमकी कुणी ठरवली, ते आधी बघायला हवं.

डिसेंबर १९८३ मध्ये ७९६ सीसीची मारुती ८०० आली, तेव्हा व्याख्येची गरजच नव्हती. छोटी गाडी म्हणजे आठशे, मोठी म्हणजे अँबॅसडर, आणि खेड्यापाड्यांत वडापला, म्हणजे माणशी भाडं घेऊन फिरायला, जीप. १९९३ मध्ये कार उत्पादनावरचा परवाना उठला. १९९८ च्या अखेरीस इंडिका आली, आणि डिझेलवर चालणारी घरची गाडी ऊसवाल्यांच्या, द्राक्षवाल्यांच्या आवाक्यात आली. तोवर घेणाऱ्याचे प्रश्न साधे होते : किती माणसं बसतात, किती अ‍ॅव्हरेज देते, विकताना किती येतील.

२००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. भारत हे छोट्या गाड्यांचं जागतिक केंद्र व्हावं, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी ‘छोटी’ची व्याख्या करावी लागली : लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, इंजिन पेट्रोलला १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेलला १,५०० सीसीपर्यंत. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. २००८ मध्ये हाच दर १२ टक्के झाला. लांबीची अट बाजारातल्या बहुतेक हॅचबॅकना, म्हणजे मागे वेगळी डिकी नसलेल्या गाड्यांना, सहज बसत होती, त्यामुळे सुरुवातीला कुणाला काही खटकलं नाही.

माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. चार मीटर लांबी मोजली, पण रुंदी मोजलीच नाही. जपानमध्ये छोट्या गाड्यांसाठी ‘केई’ नावाचा वर्ग आहे. तिथे लांबी ३.४ मीटर, इंजिन ६६० सीसी आणि रुंदी १.४८ मीटर, या तिन्हींना मर्यादा आहे, कारण गल्ली अरुंद असते. आपली गल्ली तरी कुठे रुंद आहे? साताऱ्यात मोती चौकातून राजपथावर वळताना किंवा सांगलीत गणपती पेठेत हळदीचा टेम्पो समोर आल्यावर अडचण होते ती रुंदीची. मारुती ८०० दीड मीटरही रुंद नव्हती. आज चार मीटरच्या आत बसणारी ब्रेझा १,७९० मिलिमीटर रुंद आहे. कायद्याने लांबी अडवली, म्हणून गाडी आडवी आणि उंच वाढली. पेठेतल्या माणसाला त्याचा काय उपयोग झाला, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही.

कंपन्यांनी मात्र टेप हातात घेतला. २००८ च्या सुरुवातीला इंडिगो सीएस आली, चार मीटरच्या आत बसवलेली पहिली डिकीवाली गाडी. २०१२ मध्ये डिझायरची डिकी आखडली. २०१३ मध्ये अमेझ आणि ३,९९९ मिलिमीटरची इकोस्पोर्ट आली. एका मिलिमीटरने आत! ही आखूड पाठ कुणा डिझाइनरला सुचलेली नाही, ती कराच्या तक्त्यातून आलेली आहे. मोठं नाक, उंच टप आणि मागे एकदम संपलेली गाडी डोळ्यांना इतकी सवयीची झाली की आता जुनी लांब डिझायरच विचित्र वाटते. आमच्या घरी ती होती. गावाहून येताना तांदळाचं पोतं, दोन बॅगा आणि आईची भाजीची पिशवी डिकीतच मावायची. पुढच्या गाडीत पोतं मागच्या सीटवर आलं आणि पाच माणसांची गाडी चार माणसांची झाली.

सगळ्यात मोठा बदल खेड्यातल्या गाडीत झाला. जुनी बोलेरो ४,१०७ मिलिमीटर लांब, अडीच लिटर इंजिनची. २०१६ मध्ये बंपर आत घेऊन ती ३,९९५ वर आणली आणि इंजिन दीड लिटरचं बसवलं. किंमत उतरली, हे खरं. पण माण-खटाव, जतकडे अजूनही ‘जुन्या इंजिनाची आहे का’ असं विचारत गिऱ्हाईक येतं.

दुसरा गुंता ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीच्या पोटाच्या जमिनीपासूनच्या उंचीचा. २०१३ मध्ये एसयूव्हींवरचं शुल्क २७ वरून ३० टक्के झालं. एसयूव्ही कुणाला म्हणायचं? लांबी चार मीटरपेक्षा जास्त, इंजिन १,५०० सीसीपेक्षा मोठं आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा अधिक, अशा गाडीला. एका कंपनीने तर आपल्या मोठ्या गाडीची जमिनीपासूनची उंचीच कमी केली. पाटणच्या वाडीवस्तीवर जाणाऱ्याला किंवा उसाच्या फडातून ट्रॅक्टरच्या चाकोरीने गाडी काढणाऱ्याला ती उंची चैनीसाठी लागत नाही, गाडीचं पोट घासू नये म्हणून लागते. शहरातल्या श्रीमंतीची खूण म्हणून जे मोजलं, ते इथे रस्त्याची गरज होती.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा या सगळ्या मोजपट्ट्या तशाच पुढे आल्या. २८ टक्के कर आणि वर उपकर : छोट्या पेट्रोलला १, छोट्या डिझेलला ३, त्यावरच्यांना सप्टेंबर २०१७ पासून १७, २० आणि २२. परिणाम ब्रेझात बघा. २०१६ ची ब्रेझा १,२४८ सीसी डिझेलची, म्हणजे कायद्याने छोटी. २०२० मध्ये बीएस ६ हा धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम आला, तिचं डिझेल बंद झालं आणि १,४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं. लांबी तीच ३,९९५, पण आता ती छोटी राहिली नाही. ३१ टक्क्यांची गाडी ४५ टक्क्यांत गेली.

याचा चालवण्यावरही परिणाम झाला. १,२०० च्या आतलं पेट्रोल इंजिन शहरात छान पळतं. पण पाच माणसं घेऊन पुण्याहून येताना ज्यांनी खंबाटकीचा चढ चढवलाय, त्यांना एसी बंद करण्याची सवय ठाऊक आहे. महामार्गावर ट्रक ओलांडताना गिअर उतरवायचा आळस केला की गाडी मध्येच अडखळते, आणि तोच क्षण धोक्याचा असतो. गळीत हंगामात रात्री दोन ट्रॉल्यांचा, मागे लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर अचानक पुढ्यात येतो. उंचावर बसून लांबचं दिसावं, ही इथल्या लोकांची ओढ बरीचशी त्यातून आली आहे. तिला नुसती हौस म्हणणं अन्यायाचं आहे.

जुन्या गाडीचा भाव याच धाग्याने बांधलेला. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर गिऱ्हाईक आधी मॅट उचलून बघतं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळ शोधतं, मग मालक कितवा ते विचारतं. पण पहिला आकडा निघतो तो त्या दिवशीच्या नव्या गाडीच्या ऑन रोड किमतीवरून. ती उतरली की जुनी आपोआप खाली सरकते. सप्टेंबर २०२५ च्या आधी दोन-तीन महिने इसार देऊन बसलेल्यांना हे चांगलंच जाणवलं.

या बदलात उपकर गेला, छोट्या गाडीवर १८ टक्के राहिले आणि बाकीच्यांवर ४०. दोन्हीकडे कर कमी झाला, म्हणून कौतुक झालं. पण आधी छोट्या पेट्रोल गाडीवर २९ टक्के होते आणि मधल्या, म्हणजे चार मीटरवरच्या दीड लिटर गाडीवर ४५. अंतर १६ टक्क्यांचं होतं, ते आता २२ झालं आहे. व्याख्या मात्र २००६ चीच : ४,००० मिलिमीटर, १,२०० आणि १,५०० सीसी. रुंदीचा रकाना अजूनही नाही.