वारुळावरच्या सात्या आणि चांदीच्या नाण्याची परीक्षा

भाताची रोवणी रंगात आली की पूर्व विदर्भातल्या आठवडी बाजारांत आणि जंगलाकडच्या रस्त्यांच्या कडेला सात्या, म्हणजे वारुळावर उगवणारी रानअळंबी, विकायला येतात. पळसाच्या पानावर मांडलेले वाटे, दांड्यांना ओली माती तशीच. काही गावांत टेकोडे म्हणतात. विकणाऱ्या बाईला विचारा, या खायच्याच कशावरून? उत्तर एवढंच मिळतं की वारुळावरच्या आहेत, दरवर्षी तिथंच निघतात. शहरी माणसाला हे उत्तर टाळाटाळीचं वाटतं. अळंबी ओळखण्याची सगळ्यात जुनी रीत मात्र हीच आहे.

सुश्रुतसंहितेत भूछत्रांची वाटणी केलेली आहे ती ती कशावर उगवतात त्यावरून: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची आणि जमिनीतली. रंगापेक्षा जागा महत्त्वाची. वारुळाच्या बाबतीत जागेला भक्कम कारणही आहे. वाळवी आपल्या घरात, चावून मऊ केलेल्या काडीकचऱ्याच्या पोळ्यावर एक बुरशी पोसते आणि तीच खाते. पाऊस मुरला की त्या पोळ्यातून सात्या वर येतात. टोक भाल्यासारखं, त्यामुळे कडक माती फोडून निघतात. दांड्याभोवती हळूच उकरलं तर खाली निमुळतं होत गेलेलं लांब मूळ हाताला लागतं, ते थेट वाळवीच्या घरापर्यंत गेलेलं असतं. या कुळाला टर्मिटोमायसिस हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये दिलं. ते मूळ इथल्या बायांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

याउलट ‘सोप्या परीक्षां’चा इतिहास. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की गंजलेलं लोखंड, कुजकं कापड किंवा सापाचं बीळ जवळ असेल तर अळंबी विषारी होते. हा नियम लावला तर नागपंचमीला ज्या वारुळाला आपण दूध-लाह्या वाहतो, त्याच्यावरच्या सात्या पहिल्या झटक्यात बाद! पुढे अशा परीक्षा वाढतच गेल्या. भाजीत चांदीचं नाणं टाका, काळं पडलं तर विष. लसूण किंवा तांदूळ टाका, रंग बदलला तर विष. किड्यांनी खाल्लेली असेल तर बिनधोक. यातली एकही खरी नाही. अळंबीच्या सर्वांत घातक विषाने चांदी काळी पडत नाही, आणि माणसाला मारणारी अळंबी गोगलगाय खुशाल खाते. माझ्या मते या परीक्षांचं सगळ्यात मोठं नुकसान असं की त्या अनोळखी वस्तू खायला धीर देतात.

खरी प्रगती झाली ती बीजाणूंमुळे, म्हणजे छत्रीतून झडणाऱ्या, बियांचं काम करणाऱ्या बारीक भुकटीमुळे. इटलीच्या मिकेली यांनी १७२९ मध्ये दाखवलं की अळंबीची ही भुकटी पेरली तर तीच जात उगवते. स्वीडनच्या फ्रीस यांनी १८२१ पासून या भुकटीच्या रंगावर छत्र्यांची वर्गवारी उभी केली. ही तपासणी घरीही होते. छत्री दांड्यापासून वेगळी करून, पापुद्र्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी ठसा उमटलेला असतो. सात्यांचा ठसा फिकट गुलाबीसर येतो. गवतात आणि उकिरड्यालगत येणारी एक मोठी पांढरी छत्री कोवळेपणी निरागस दिसते, तिचा ठसा हिरवट येतो. ती खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. मात्र ठशाचा उपयोग बाद करण्यापुरताच. नुसता ठसा जुळला म्हणून कोणी चूल पेटवू नये.

अमॅनिटा कुळातल्या जीवघेण्या जातींचा ठसा पांढरा असतो. त्यांची मुख्य खूण म्हणजे दांड्याच्या बुडाची पिशवी, आणि ती मातीत असते. वरून कापून आणलेल्या छत्रीला ही खूणच उरत नाही, म्हणून बुडासकट उकरलेलीच पाहायला हवी. त्यांच्यातलं अमॅनिटिन हे विष जर्मनीत १९४१ मध्ये वेगळं काढण्यात आलं. शिजवून, वाळवून ते जात नाही. यकृताच्या पेशींचं प्रथिनं बनवण्याचं कामच ते बंद पाडतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात जंगली अळंबी खाऊन १३ जण दगावले, त्यांतले बरेचसे चहामळ्यांच्या भागातले. अळंबी खाण्याची सवय असलेलेच हे लोक होते.

विदर्भातही काळजीची जागा सवयीचीच आहे. बाईचं ज्ञान तिच्या शिवारातल्या वारुळांचं. ती परक्या गावी नांदायला किंवा कामाला गेली की सारखी दिसणारी छत्री भेटते, पण ओळखीची जागा नसते. मोबाईलवर पाठवलेल्या फोटोत तर ना माती दिसते, ना मूळ, ना ठसा.

अमॅनिटिनचा त्रास उशिरा सुरू होतो, आणि हा उशीर डॉक्टरलाही चकवतो. रात्रीच्या भाजीचा त्रास ६ ते २४ तासांनी सुरू होतो, तोवर मधे आणखी जेवणं झालेली असतात आणि दोष सकाळच्या पोह्यांवर जातो. मग एखादा दिवस बरंही वाटतं, आणि आतून यकृत खराब होतच राहतं. म्हणून उलट्या थांबल्या तरी दवाखाना सोडायचा नाही. अळंबी कधी खाल्ली ती वेळ आधी सांगायची, सोबत कोण जेवलं तेही, आणि निवडताना टाकलेली बुडं उकिरड्यावरून शोधून कागदात बांधून न्यायची.