साक्षीदारच फितूर झाला तर

फेब्रुवारी 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या कर्नेलमधील, म्हणजे तिच्या गाभ्यातील, एक त्रुटी दूर करणारे अपडेट पाठवले आणि विंडोज एक्सपीवर चालणारे कितीतरी संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. साहजिकच सगळ्यांनी अपडेटला दोष दिला. तपासाअंती निघाले भलतेच. त्या संगणकांत अल्युरिऑन नावाचे रूटकिट, म्हणजे यंत्रणेच्या आत शिरून स्वतःला लपवणारे मालवेअर (घातक सॉफ्टवेअर), आधीपासून ठाण मांडून बसलेले होते. कर्नेलमधील काही भाग मेमरीत नेमक्या कोणत्या पत्त्यावर असतात हे त्याने गृहीत धरले होते. अपडेटमुळे ते पत्ते हलले, रूटकिट जुन्याच पत्त्यावर गेले आणि सारी यंत्रणा कोसळली. चोरालाच ठेच लागली म्हणून घरमालकाला जाग आली.

मग तोवर ते रूटकिट अँटिव्हायरसला का सापडले नाही? हार्ड डिस्कवरील फाइल तपासायची असली की अँटिव्हायरस ती स्वतः वाचत नाही. तो विंडोजकडे मागणी करतो, विंडोज ती डिस्कच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवते आणि ड्रायव्हर मजकूर आणून देतो. अल्युरिऑनने हा ड्रायव्हरच बाधित केला होता, त्यामुळे बाधित फाइल मागितली तरी तिची मूळ, स्वच्छ प्रत पुढे केली जाई. साक्षीदारच फितूर असेल तर उलटतपासणी कितीही कसून घेतली तरी निष्पन्न काय होणार?

सगळेच मालवेअर इतके हिकमती नसते. पुष्कळदा टास्क मॅनेजरमध्ये बंद केलेला प्रोग्रॅम काही सेकंदांत पुन्हा उगवतो, कारण दुसरा प्रोग्रॅम त्याच्यावर पहारा ठेवून असतो किंवा ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये त्याची नोंद शिल्लक राहिलेली असते. नोव्हेंबर 2008 मध्ये पसरू लागलेला कॉन्फिकर तर अँटिव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळे उघडूच देत नसे. बाकी सारे इंटरनेट सुरळीत चालते आणि नेमकी हीच पाने उघडत नाहीत, असे दिसले तर केबलवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही.

अशा वेळी तपासणी बाहेरूनच करावी लागते. विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन असतो. तो निवडल्यावर संगणक रीस्टार्ट होतो, पण नेहमीची विंडोज सुरू न होता एका वेगळ्या, छोट्या यंत्रणेतून साधारण पंधरा मिनिटे डिस्क तपासली जाते. त्या अवधीत मालवेअर चालूच नसल्यामुळे त्याला काही लपवता येत नाही. एवढे करूनही बाधा परतली, तर मी स्वतः आणखी डागडुजीत वेळ घालवत नाही. दुसऱ्या, निरोगी संगणकावर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह तयार करावा, फोटो आणि कागदपत्रे तेवढी बाजूला काढावीत, डिस्कवरील सर्व पार्टिशन पुसून नव्याने विंडोज घालावी. जुने सेटअप आणि विशेषतः ‘क्रॅक’, म्हणजे विकतचे सॉफ्टवेअर फुकट चालवणाऱ्या फाइली, परत आणू नयेत, कारण बहुधा पाहुणा त्यांच्याबरोबरच आलेला असतो.

किंवा पेनड्राइव्हमधून. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्यावर आमच्या पेनड्राइव्हमधील प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर एकदा डाव्या कोपऱ्यात बारीक बाण आलेला दिसला. खरे फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवलेले होते. त्यावर क्लिक केले की फोल्डर उघडे, आणि त्याच वेळी मालवेअरही मुकाट्याने सुरू होई.

कधीकधी फितुरी संगणकाच्या बाहेरच असते. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी सेवा. डीएनएसचेंजर हे मालवेअर संगणकाच्याच नव्हे, तर मूळचा पासवर्ड न बदललेल्या राउटरच्या सेटिंगमध्येही आपल्या टोळीचे डीएनएस सर्व्हर घुसवत असे. नोव्हेंबर 2011 मध्ये एस्टोनियात ही टोळी पकडली गेली, तेव्हा शंभरहून अधिक देशांतील सुमारे 40 लाख संगणक बाधित होते. तिचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर या लोकांचे इंटरनेटच ठप्प झाले असते, म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते 9 जुलै 2012 पर्यंत चालवावे लागले. म्हणूनच नवी विंडोज घातल्यावरही ब्राउझर भलत्याच पानावर नेत असेल, तर राउटरच्या मागील बाजूचे रीसेटचे बारीक छिद्र टाचणीने काही सेकंद दाबून धरावे आणि तो पुन्हा सुरू झाल्यावर सर्वांत आधी त्याचा पासवर्ड बदलावा.